अडतीस पाहुण्यांची दुरुस्ती

डोंगरमाथा, ३ ऑक्टोबर

ती. मामांना डोंगरावरून घरंगळत खाली येणारा नमस्कार. दुकानाच्या पायरीपाशी अडवा त्याला, नाहीतर थेट बंदरात जाऊन पडेल.

पोचले एकदाची. तारेवरच्या ट्रॉलीत माझ्यासोबत रॉकेलचे दोन डबे, बटाट्यांचं पोतं आणि टपालाची पिशवी होती, आणि त्या सगळ्यांत ओरडणारी मी एकटीच. इथली हवा इतकी विरळ आहे की दहा पावलं भरभर टाकली की धाप लागते, आणि धाप लागली की मला उगाचच हसू येतं. पत्र्याची एक खोली, खाट, स्टोव्ह आणि माझं यंत्र, एवढाच संसार. फोन नाही. टपाल आठवड्यातून दोनदा ट्रॉलीने खाली जातं, तेव्हा पत्रं लिहायची सवय करा.

आता कामाचं ऐका. माझ्या प्राध्यापक बाई, ज्यांची सही झाल्याशिवाय माझा प्रबंध एक पाऊलही पुढे सरकत नाही, त्यांचा मेकॅनिक उद्या ह्याच यंत्राचं जुळं भावंड तुमच्या दुकानात आणून ठेवेल. पेटी आणि तिच्यावर रचायच्या लोखंडाच्या विटा. माझ्या पेटीवर विटा जास्त आहेत, तुमच्या कमी, कारण तुमच्या वाटणीच्या उरलेल्या विटांचं काम आपल्या दोघांमधली हवा करते.

आकाशात फार उंचावर म्युऑन नावाचे बारीक कण जन्मतात आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने खाली येतात. मी त्यांना पाहुणे म्हणते, कारण आले न आले तोच जातात. विटा त्यांतले ठरावीक वेगाचेच पेटीत येऊ देतात. एका पाहुण्याचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम दोन. पाहुणा पेटीत शिरला की आत बारीक चमक होते, टिक वाजते आणि आकडा एकने पुढे सरकतो. माझ्याकडे तासाला ५८० च्या आसपास येतात, हे आधीच्या मोजणीवरून ठाऊक आहे. इथून तुमच्या दुकानापर्यंत अठराशे मीटरचा उतार. तेवढ्या वाटेत बहुतेक सगळे मरायला हवेत. जुन्या हिशोबाने तुमच्याकडे तासाला ३८ पोचतील.

तुम्ही रोज अकरा ते बारा मोजायचं आणि वहीत लिहायचं. बाई ३० तारखेला येऊन वही बघतील. निदान दहा दिवसांचे आकडे हवेत. एकतीसला ही झोपडी हवामानवाल्यांच्या ताब्यात जाते आणि माझी पुढची पाळी दोन वर्षांनी, म्हणजे कधीच नाही. माझं सगळं तुमच्या त्या एका तासावर आहे, मामा.

मेकॅनिक एक बंद पाकीट देईल. ते मी सांगेपर्यंत उघडायचं नाही. मामी, लक्ष ठेव.

तुमची लंबक

दुकान, ७ ऑक्टोबर

चि. लंबक हिस अनेक आशीर्वाद.

लहानपणी माझ्या दुकानात एका जागी दोन मिनिटं बसली नाहीस म्हणून तुला हे नाव ठेवलं. आता डोंगरावर एका पेटीपुढे तासभर बसतेस हे ऐकून तुझ्या आईला पत्र लिहावं म्हणतो, की बघ, माझी बहीण असून तुला जे जमलं नाही ते एका पेटीने केलं.

पेटी आली. विटा बघून शेजारच्या शिंप्याने विचारलं की दुकानात तिजोरी बांधताय का. मी म्हटलं, आकाशातून पाहुणे येणार आहेत, त्यांना बसायला ओटा करतोय. तेव्हापासून तो माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतो.

पाच तारखेपासून मोजणी सुरू केली. टिक ऐकायला गोड आहे, पण बिनतालाची. दोन लागोपाठ, मग गप्प, मग एकदम तीन. चाळीस वर्षांत असं बेताल यंत्र पाहिलं नाही. भिंतीवर माझी बारा घड्याळं आहेत, बाराही एका ठोक्यावर चालतात, त्यामुळे तुझ्या तासात अर्ध्या सेकंदाचीही चूक नसेल. यंत्र मात्र थोडं घाईत आहे. काळजी करू नकोस. नव्या पाहुण्याला आधी हात न लावता सात दिवस बघायचं हा आपल्या दुकानाचा नियम आहे, तो तुझ्या पेटीलाही लागू.

मामा

ता. क. मी मामी. पाकीट मी मिठाच्या बरणीखाली ठेवलंय. ह्यांनी ते दोनदा उजेडात धरून पाहिलं. कागद जाड निघाला.

डोंगरमाथा, १० ऑक्टोबर

ती. मामा,

यंत्र घाईत आहे ह्यावर मी इतकी हसले की स्टोव्हवरचं पाणी उकळून संपलं. ते घाईत नसतं, पाहुणे घाईत असतात. आणि ताल नसणारच, ते ठरवून थोडेच येतात.

पण आकडा मला कळवू नका हं, शेवटपर्यंत नाही. मला तो कळला तर माझी मोजणी नकळत त्याच्याकडे झुकेल, तुम्हाला माझ्या पाकिटातलं कळलं तर तुमची. आपण दोघांनीही आंधळेपणाने मोजायचं. मी रोज ५७० ते ५९५ मध्ये आहे आणि मला झोपेतही टिक ऐकू येते. काल ढग माझ्या खाली होते. तुमचं दुकान, बंदर, शिंपी, सगळे त्या कापसाखाली आणि पाहुणे तो कापूस भेदून तुमच्याकडे चाललेले. मी त्यांना हात करून निरोप दिला. हे बाईंना सांगू नका.

इतकं आनंदी मला कधी वाटल्याचं आठवत नाही. हवा विरळ आहे म्हणून असेल, पण नसावं.

लंबक

दुकान, १४ ऑक्टोबर

चि. लंबक,

आकडा सांगू नका म्हणालीस, पण ही बातमी पोटात राहायची नाही. तुझं यंत्र दुरुस्त झालं.

घाबरवायचं नव्हतं म्हणून मागच्या वेळी 'थोडं घाईत' एवढंच लिहिलं. थोडं कसलं, पहिल्या दिवसापासून ते चारशेच्या वर बोंबलत होतं. तूच कळवलंस की ३८ यायला हवेत. बारा घड्याळं एक वेळ दाखवतात आणि तेरावं भलतंच, तर चूक कोणाची हे सांगायला पदवी लागत नाही. सात दिवस हात लावला नाही. आठव्या दिवशी पाठ उघडली. आत एक पितळी गुंडी सापडली. ती उजवीकडे फिरवली की फिकट चमक यंत्र मोजत नाही, फक्त ठळक तेवढ्या मोजतं. बारा तारखेला जराशी फिरवली, आकडा ६१ वर आला. तेराला आणखी केसभर, ४४. आज बरोबर ३८.

वही आजपासून सुरू केली. आजारी यंत्राचे आकडे गिऱ्हाइकाच्या वहीत चढवायचे नसतात. आता तीसपर्यंत तुला सलग ३८ मिळतील, आणि बाई बघतील की आमच्या घरात कसं काम होतं. मेकॅनिकला काही बोलू नकोस. बिचाऱ्याच्या नजरेतून सुटलं असेल.

मामा

ता. क. दोन दिवस झाले, हे शीळ घालत फिरताहेत. मामी.

डोंगरमाथा, १७ ऑक्टोबर

मामा,

तुम्ही गुंडी फिरवलीत.

पत्र वाचून मी झोपडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. पहिली आनंदाने, दुसरी रागाने, तिसरी धाप लागली म्हणून. चारशेच्या वर? किती वर? तोच तर आकडा हवा होता. तेवढ्यासाठी मी ह्या पत्र्याच्या डब्यात राहते आहे.

३८ हा बरोबर आकडा नव्हता. वेळ सगळ्यांसाठी एकच असती तर जो यायला हवा होता, तो तो आकडा होता. पण इतक्या वेगाने पळणाऱ्याची वेळ आपल्याला नऊपट सावकाश चालताना दिसते. म्हणून पाहुणे वाटेत मरत नाहीत, जिवंत खाली पोचतात आणि तुमच्या पेटीत टिक करतात. तुमच्या दुकानात रोज अकरा ते बारा तो पुरावा वाजत होता आणि तुम्ही त्याचा आवाज बंद केलात.

मी तुम्हाला मुद्दाम सगळं सांगितलं नव्हतं, मोजणी स्वच्छ राहावी म्हणून. उंटावरून शेळ्या हाकल्या, त्याचं फळ मिळालं. पण तुम्हीही विचारायला हवं होतं. ज्या वहीत सगळ्या पानांवर हाताने जुळवलेले ३८ आहेत ती बाई तीसला बघतील आणि मिटून ठेवतील. बाईंना मी आजच्याच टपालाने खरं काय ते कळवते आहे. लपवलेलं मला पचणार नाही.

तुम्हाला घड्याळं कळतात मामा, वेळ कळत नाही.

आता कशालाही हात लावू नका.

दुकान, २१ ऑक्टोबर

चि. लंबक हिस मामीचे आशीर्वाद.

पत्र मी लिहितेय, कारण हे लिहीत नाहीत. तुझं पत्र ह्यांनी उभ्यानेच वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. सकाळच्या वेळी दुकान बंद, हे आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. शिंपी दोनदा येऊन गेला. एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांना बरोबर वेळ लावून दिली. कोणती लावून दिली कोण जाणे." मला हसू आलं, पण मी मोठ्या मुश्किलीने गिळलं.

तू रागावलीस त्याचं मला काही वाटलं नाही. मीही रोज रागावते. पण शेवटची ओळ लिहायला नको होतीस. माणूस दोन दिवस धड जेवला नाही.

तर मी काय केलं, हे घरात नसताना दुकान झाडायला घेतलं. तू इथेच वाढलीस, तरी विसरलीस बहुतेक. आलेलं घड्याळ सात दिवस टांगून ठेवायचं, ते रोज किती पुढे किंवा मागे जातं ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी खिळ्याला अडकवायची, हे ह्यांचं व्रत. गिऱ्हाईक नंतर भांडलं तर दाखवायला. तुझ्या पेटीच्या चिठ्ठ्या तेराव्या खिळ्याला आहेत. वर लिहिलंय 'आजारी'. जसंच्या तसं उतरवते:

५ तारीख ४३१. ६ ला ४०९. ७ ला ४२६. ८ ला ४५२. ९ ला ४१७. १० ला ४३१. ११ ला ४३७. प्रत्येकापुढे तास कधी सुरू झाला आणि कधी संपला ते सेकंदासकट.

दुसरं म्हणजे गुंडी. पाठीमागचं झाकण मी उघडलं नाही, माझी काय बिशाद. पण रात्री जेवताना सहज विचारलं, की पूर्वी ती जिथे होती ती जागा आठवते का. तर असे बघायला लागले जणू मी विचारलंय की स्वतःचं नाव आठवतं का. म्हणाले, "खूण केल्याशिवाय मी कधी काही फिरवलंय?" सुईने ओरखडा काढून ठेवलाय, केसाएवढा.

ह्यातलं काही तुझ्या उपयोगाचं आहे का ते कळव. नसेल तरी कळव, आणि ह्यांच्या नावाने कळव.

मामी

डोंगरमाथा, २४ ऑक्टोबर

प्रिय मामा, आणि त्यांच्याआधी प्रिय मामी,

मी आत्ता खाटेवर उभी राहून लिहिते आहे, कारण बसवत नाही. टपालाची पिशवी घेऊन आलेल्या ट्रॉलीवाल्याला मी घट्ट मिठी मारली. तो म्हणाला, हवा लागली वाटतं तुम्हाला.

सात दिवस! सरासरी ४२९. त्या चिठ्ठ्या आजारी नाहीत मामा, त्याच तेवढ्या धडधाकट आहेत. तुम्हाला काय यायला हवं हे चुकीचं माहीत होतं, तरीही जे आलं तेच लिहिलंत. माझ्या वर्गातल्या किती हुशार मंडळींना हे जमत नाही. अपेक्षेपेक्षा वेगळा आकडा आला की पेन्सिल आपोआप वळते.

आता मन लावून ऐका. उद्या किंवा परवा, हे पत्र मिळेल त्या दिवशी, भिंग लावून गुंडी तुमच्या खुणेवर परत आणा. मग तीसपर्यंत रोज मोजा. आकडे पुन्हा पहिल्यासारखेच आले तर गुंडी नेमकी जागेवर बसली ह्याची साक्ष तेच देतील, आणि सात अधिक निदान पाच, बारा दिवस होतील. बाईंचं उत्तर आलंय. दोनच ओळी: "तीसला मी दुकानात येते. बघून ठरवीन." त्या कधीच ह्याहून जास्त लिहीत नाहीत.

मागच्या पत्रातली शेवटची ओळ मी खोडून टाकते. कागद तुमच्याकडे आहे, तेव्हा तुम्हीच खोडा. तुम्ही चाळीस वर्षं चुकीची वेळ लावून दिली नाहीत. दुकानाच्या भिंतीवर जे एकमेकांशेजारी स्वस्थ टांगलेले आहेत त्यांची वेळ एकच असते, आणि ती तुमच्याइतकी कोणी जुळवलेली नाही. पाहुण्याचं घड्याळही बिघडलेलं नसतं. त्याला विचाराल तर तो म्हणेल, माझं घड्याळ अगदी बरोबर आहे, तुमचा डोंगरच बुटका आहे, अठराशे कुठले, दोनशे मीटरची टेकडी, उडी मारली की खाली. तोही खरं बोलतो आणि आपणही. मला हे कळलं त्या दिवशी मी जिन्यावरून पडले होते, आठवतं? पाय मुरगळला होता आणि मी हसत होते.

पाकीट तीसला उघडा, बाईंसमोर.

नाक घासणारी,
लंबक

दुकान, ३१ ऑक्टोबर

चि. लंबक हिस अनेक, म्हणजे अगदी ४२९ आशीर्वाद.

तुझी ओळ खोडली नाही. तिच्याखाली तारीख घातली आणि ते पत्र खिळ्याला अडकवलं. आलं ते लिहून ठेवायचं, असं तूच म्हणतेस. रागावलेलो नाही. तीन दिवस होतो, मग रागावण्याचा कंटाळा आला.

गुंडी २६ ला खुणेवर आणली. अकराला तास सुरू केला आणि जी टिकटिक सुटली, तिला माझं चाळीस वर्षांचं डोकं अजूनही बेताल म्हणत होतं, पण कान म्हणाला, गप बस, ऐक. ४१८. मग ४४६, ४२७, ४१०. शिंपी आता रोज अकराला हातातलं काम सोडून येतो आणि विटांना टेकून मोजतो. दोनशेच्या पुढे त्याची गाडी चुकते, पण उत्साह दांडगा.

काल बाई आल्या. पातळ, उंच, छत्री घेतलेल्या. नमस्कार केला आणि थेट तेराव्या खिळ्याकडे गेल्या. चिठ्ठ्या एकेक करून खिळ्यावरून काढल्या, वाचल्या, उलट्या करून पाहिल्या. माझं भिंग मागून घेतलं आणि ओरखडा पाहिला. मग खुर्ची ओढून यंत्रापुढे बसल्या आणि पूर्ण तास स्वतः मोजला, माझ्या बारा घड्याळांवर नजर ठेवून. मामीने ठेवलेला चहा तिथेच थंड झाला. मी, मामी आणि शिंपी एका रांगेत उभे, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे.

आकडा आला ४३९. पाच दिवसांची सरासरी ४२८, आधीच्या सातची ४२९. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ३८ यायला हवेत अशी खात्री असताना रोज चारशेवर कसे लिहिलेत. मी म्हटलं, "बाई, घड्याळ काय दाखवतं ते लिहायचं असतं. काय दाखवायला हवं ते गिऱ्हाईक सांगतंच." त्यांना हसू आलं. हसल्यावर त्या बऱ्याच लहान दिसतात. त्यांनी वहीतली माझी ३८ ची पानं एका रेघेत रद्द केली, चिठ्ठ्या तिथे चिकटवायला लावल्या आणि खाली सही केली. तुझा प्रबंध पुढे सरकला, पोरी. त्यांच्या सहीची शाई अजून ओली होती तोच मामीने शिंप्याला टाळी दिली, आणि मग दोघंही लाजले.

मग पाकीट. मिठाच्या बरणीखाली राहून त्याला ओल आली होती. बाईंनी उघडलं, वाचलं आणि माझ्या हातात दिलं. आत तू दोन ओळी लिहिल्या होत्यास, तारीख दोन ऑक्टोबर, म्हणजे हे सगळं रामायण घडण्याच्या आधीची:

'मामांच्या पेटीत तासाला ४३० च्या आसपास येतील. आकडा वेगळा आला तर माझा हिशोब तपासायचा, मामांना नाही.'

मी ते पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसला. मग भिंग लावून वाचलं, जणू काही मोठं करून पाहिल्यावर आणखी काही सापडेल. तुला सांगायला हरकत नाही, मी रडलो. बाई छत्री शोधायला लागल्या, जी त्यांच्या हातातच होती.

दुकानाच्या पाटीवर आजवर 'येथे बरोबर वेळ लावून मिळेल' असं होतं. आज सकाळी शिडी लावून त्याखाली बारीक अक्षरात भर घातली, 'स्वस्थ बसणाऱ्यांसाठी'. दोन गिऱ्हाइकं विचारून गेली. मी त्यांना पाहुण्यांची सगळी गोष्ट सांगितली. एक जण पूर्ण ऐकून म्हणाला, म्हणजे माझं घड्याळ मागे पडतं ते मी भरभर चालतो म्हणून का? मी म्हटलं, नाही, तुम्ही त्याला किल्ली देत नाही म्हणून.

हे पत्र घेऊन येणाऱ्या ट्रॉलीनेच आज खाली ये. ती सावकाश चालते, त्यामुळे तुझ्या-माझ्या वयात फारसा फरक पडणार नाही, मी ओळखेन तुला. तरीही मामी पायरीवर उभी आहे आणि दर पाच मिनिटांनी आत येऊन विचारते, किती वाजले. मी बारा घड्याळांकडे बघतो आणि सांगतो. लंबक, अजून सगळी एकच वेळ दाखवतात.

मामा